खिशातला फ्यूज

७ एप्रिल, सोमवार

सव्वीस पुरुष. सगळ्यात लहान चोवीस वर्षांचा, सगळ्यात मोठा बावन्नचा. त्यांच्यापुढे मी, एकतीस वर्षांची, हातात खडू. पहिलाच दिवस आणि डोकं ठणकतंय.

वर्ग दहाचा. दहाला नऊ जण हजर. बाकीचे टपरीवरचा चहा संपवून पावणेअकरापर्यंत येत राहिले. मी फळ्यावर नाव लिहिलं, ज्योत्स्ना मॅडम. देवळ्याचा वाल्मीक म्हणून एक आहे, जाड मिशीचा. तो म्हणतो, "ताई, आम्ही खांबावर चढाया लागलो तवा तुम्ही दप्तर घेऊन शाळेत जात असाल." सगळे खो खो हसले. मी म्हटलं, ताई नाही, मॅडम. "बरं, मॅडमताई." पुन्हा हशा. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हे सगळे ठेकेदाराकडचे वायरमन. कळवण, देवळा, सुरगाणा भागात खांबावर चढून दुरुस्त्या करतात. हातात कला आहे, कागद एकाकडेही नाही. आता ठेकेदाराने नियम काढलाय, तीन मेची परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र आणलं नाही तर काम बंद. परीक्षेला बसायचं तर वीस दिवसांपैकी सोळा दिवस हजेरी आणि खाली माझी सही. म्हणजे यांची भाकरी माझ्या सहीवर आहे आणि तरी मीच मॅडमताई!

एक लहानू म्हणून आहे, सुरगाण्याकडचा, पन्नाशीला टेकलेला. तो बसतच नाही. दाराशेजारी भिंतीला टेकून उभा. मी दोनदा सांगितलं, बसून घ्या. "बरं हाय इथंच," म्हणाला. दोनदा सांगून न ऐकणारा माणूस म्हणजे मला आव्हानच. लक्षात ठेवलंय मी.

आमच्या प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य धनराज सर जाताना म्हणाले, "आधीचे दोघं शिक्षक पंधरा दिवसांत पळाले, मॅडम. वर्ग ताब्यात ठेवा, बाकी काही मागणं नाही." माझा करार तीन महिन्यांचा. पुढे वाढवायचा की नाही ते हेच ठरवणार. अंबडच्या कंपनीत सात वर्षं विजेच्या पॅनेलची ड्रॉइंग काढली, एका सकाळी आमचा विभागच बंद झाला. मी पळणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

मोबाइल टेबलावरच्या खोक्यात ठेवायचे, असा नियम केला. सगळ्यांनी ठेवले. मग दर पाच मिनिटांनी खोकं वाजायला लागलं. "मॅडम, माझा असंल, बघा ना, आमच्याकडं कांदा काढणी चालू हे." मी फोन बघायचे, नाव वाचायचे, माणूस उठायचा, बाहेर जायचा. दीड तासात मी टेलिफोन ऑपरेटर झाले.

घरी येऊन आईसमोर फणफणले. आई चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, शेवटची बारा कळवणला. ती मटार सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "एकाला धर. सगळ्यांदेखत धर. बाकीचे आपोआप सरळ होतात. लहान असो नाही तर मोठं, औषध एकच."

मला पटलं. फक्त कोणाला धरायचं ते ठरवायला हवं.

११ एप्रिल, शुक्रवार

आज सुरक्षिततेचा धडा. पडद्यावर चित्र दाखवलं. काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, किल्ली स्वतःकडे ठेवायची, आणि "माणूस काम करत आहे" अशी पाटी अडकवायची. जगभर असंच करतात, मी सांगितलं.

वाल्मीक म्हणाला, "मॅडम, ते कुलूप मिळतं कुठं? आम्हाला वीस वर्सांत कुणी दिलं नाय."

सगळे हसले. मी म्हटलं, टवाळी करायची असेल तर बाहेर जा. "टवाळी नाय, इचारतोय," म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

लहानूने दाराजवळून हात अर्धा वर केला होता. पहिल्यांदाच. मी म्हटलं, प्रश्न शेवटी. शेवटी वेळच उरला नाही. आपल्या संस्थेचं कुलूप कुठे आहे ते धनराज सरांना विचारलं, तर म्हणाले कपाटात असेल, किल्ली शोधावी लागेल. तो विषय तिथेच राहिला.

१५ एप्रिल, मंगळवार

आज पहिलं प्रात्यक्षिक आणि पहिलाच खोडसाळपणा.

आमच्या वर्गाची वीज जुन्या पद्धतीची आहे. बाहेर पॅसेजमध्ये मेन स्विच. तिथून वायर आत येते ती दाराशेजारच्या फ्यूजमध्ये, हाताने उपटून काढता येतो असा चिनीमातीचा पांढरा फ्यूज. त्याच्या पुढे वर्गाचे पंखे, दिवे आणि सरावाचा मोठा बोर्ड. मी मेन स्विच बंद करून आले, बोर्ड उघडला, जोडणी दाखवली, झाकण लावलं. बाहेर जाऊन स्विच चालू केला तर पंखा ढिम्म. परत बंद केला, आत आले, तर फ्यूज जागेवर नाही! कोणी काढला म्हणून ओरडले. टेबलापर्यंत जाऊन परत वळले तर फ्यूज जागच्या जागी. सगळे माझ्याकडे बघतायत आणि चेहरे असे की जणू मीच वेडी.

चाळिशीच्या माणसांना हे शोभतं का? पोरंबाळं आहेत यांना.

१७ एप्रिल, गुरुवार

आज माझी धनराज सरांपुढे नाचक्की झाली.

दुपारी सरावाच्या बोर्डाचं काम होतं. बाहेर एकोणचाळीस अंश. मी स्वतः मेन स्विच बंद करून आले, टेस्टर लावून वीज नाही याची खात्री केली, झाकण काढलं आणि दोन्ही हातांत तारांची उघडी टोकं धरून दाखवत होते की कोणती कुठे जाते. पंखे बंद, सगळे घामाघूम, त्यामुळे आधीच कुरबुर चालू. तेवढ्यात सर पॅसेजमधून आले आणि दारातून मान आत घालून म्हणाले, "अहो, अंधारात काय बसवलंय यांना? स्विच बंद होता बाहेर, मी चालू केला. तरी पंखे का लागत नाहीत?"

का लागत नाहीत! कारण फ्यूज पुन्हा गायब. मी हात काढून बघते तर जागा रिकामी. सर सव्वीस जणांसमोर म्हणाले, "विजेच्या वर्गात वीज नाही, छान चाललंय मॅडम," आणि गेले. पाठोपाठ कोणीतरी हळूच हसलं. मी झाकण आपटलं आणि वर्ग सोडून दिला. वाल्मीक जाताना काहीतरी सांगायला थांबला होता. मी म्हटलं, उद्या सुट्टी आहे, परवा बोला, आता तोंड दाखवू नका.

आई म्हणते तेच खरं. एकाला धरायलाच हवं.

१९ एप्रिल, शनिवार

धरला.

आज मी मुद्दाम बोर्ड उघडला, हात आत घातले आणि एकदम वळून बघितलं. फ्यूज नाही. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं, सगळ्यांनी पिशव्या बाकावर रिकाम्या करा, खिसेसुद्धा. कोणी हललं नाही. मी म्हटलं, नाही तर आजची हजेरी कोणाचीच नाही. मग हलले. डबे, तंबाखूच्या पुड्या, पक्कड, बीपीच्या गोळ्या, एकाच्या पाकिटातला मुलीचा फोटो. मी एकेका बाकापाशी जाऊन बघत होते. मला कसंतरी वाटलं, पण थांबले नाही.

पाचव्या बाकापर्यंत पोचले असेन. लहानू दारापासून चालत आला, शर्टाच्या खिशातून फ्यूज काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ठेवलासुद्धा अगदी हळू.

मी विचारलं, का केलंत?

"तुमचा हात आत व्हता," म्हणाला.

"म्हणून चोरायचा? माझं लक्ष नाही बघून?"

मी म्हटलं, चोर आहात तुम्ही. या वयात चोरी आणि वर तोंड करून उत्तर. उद्यापासून माझ्या वर्गात पाय ठेवायचा नाही. वाल्मीक उठून उभा राहिला, "मॅडम, ऐका जरा." मी म्हटलं, तुम्हालाही जायचंय का त्यांच्याबरोबर? तो बसला.

लहानूने खुंटीवरची पिशवी घेतली, दाराशेजारच्या फ्यूजच्या जागेकडे एकदा बघितलं आणि गेला.

त्यानंतर दोन तास वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पहिल्यांदा. पहिल्यांदा मी सलग शिकवलं.

२१ एप्रिल, सोमवार

दहाला पाच कमी असताना पंचवीस जण आपापल्या जागी. खोक्यात पंचवीस फोन, सगळे मुके. "ताई" नाही, "मॅडमताई" नाही. नाव पुकारलं की "हजर". धनराज सर खिडकीतून बघून गेले आणि नंतर म्हणाले, "काय जादू केली हो?" कराराचं बोलू म्हणाले.

आईने शेवयांची खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या.

२३ एप्रिल, बुधवार

या शांततेचं काय करायचं कळत नाही. प्रश्न विचारला की पंचवीस माना खाली. विनोद नाही, चहाची मागणी नाही, कांद्याच्या भावाची चर्चा नाही. मीच बोलते, मीच ऐकते.

आज फळ्यावर जोडणीची आकृती काढली आणि स्विच चुकून न्यूट्रलच्या तारेवर काढला. तासभर ती तशीच होती. यातला कोणीही झोपेत सांगेल की हे चुकलंय, असा स्विच बंद केला तरी दिव्यात वीज राहते, हात लावणारा मरतो. सगळ्यांनी ती मुकाट्याने वहीत उतरवून घेतली. तास संपताना माझ्याच लक्षात आलं. मी ओरडले, दिसत नव्हतं का कोणाला? मागून कोणीतरी म्हणालं, "प्रश्न शेवटी इचारायचे ना, मॅडम."

सूड घेतायत माझ्यावर. सभ्यपणे, हात बांधून सूड घेतायत.

२४ एप्रिल, गुरुवार

सगळं नीट, क्रमाने लिहायचं. नाही तर डोकं फुटेल.

आज पुन्हा प्रात्यक्षिक होतं. मी मेन स्विच बंद करून आले, बोर्ड उघडला आणि म्हटलं, या, एकेकाने जोडणी करायची. कोणी उठेना. नावं पुकारली. उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. मी म्हटलं, परीक्षेत हेच आहे, नापास व्हायचंय का?

वाल्मीक म्हणाला, "बोर्डाला हात लावू, मॅडम. पण फ्यूज कोण सांभाळणार? लहानूभाऊ नाय ना आता."

मी म्हटलं, काय संबंध?

मग तो बोलला. आवाज न चढवता, त्यामुळे मला जास्त झोंबलं. लहानूचा धाकटा भाऊ काळू हाही वायरमन. सहा वर्षांपूर्वी दोघं भाऊ कामावर होते. काळू खांबावर, लहानू जरा लांब तार ओढत. लाइनचा फ्यूज काढून खाली त्याच्याच डब्याच्या कडेला ठेवलेला. गावात कोणाची तरी हळद होती. वीज गेली म्हणून एक माणूस बघायला आला, त्याला फ्यूज पडलेला दिसला. चांगला माणूस, मदत करायला म्हणून त्याने तो बसवला.

"तवापासून आमच्यात ठरलं हे," वाल्मीक म्हणाला. "कुणाचा बी हात तारेत असला की फ्यूज खाली ठेवायचा नाय. खिशात. काम करणाऱ्याच्या, नाय तर त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या. तुम्ही कुलूप म्हणता ना, आमचा खिसाच कुलूप. लहानूभाऊ तर कुणावर सोडतच नाय. म्हणून तर दारापाशी उभा राहायचा. पहिल्या प्रॅक्टिकललाच म्हणाला व्हता, मॅडम भली हे पण बाहेरचा स्विच बिनकुलपाचा टाकून येती."

मी म्हटलं, मग सांगायचं ना मला!

"कवा सांगायचं?" वाल्मीक म्हणाला.

घरी आले आणि ही वही उघडली. अकरा तारीख. त्याने हात वर केला होता, मी म्हटलं प्रश्न शेवटी. मग सतरा तारीख. माझंच अक्षर. "दोन्ही हातांत तारांची उघडी टोकं." त्याच्याखाली सरांचं वाक्य. "स्विच बंद होता बाहेर, मी चालू केला."

सात दिवस हे इथे लिहिलेलं होतं. मी लिहिलं होतं. नाचक्की झाली म्हणून लिहिलं होतं.

मी त्या दुपारी मेले असते. सव्वीस जणांना ते तेव्हाच दिसलं होतं. मला फक्त पंखे लागले नाहीत याचा राग आला. आणि तिसऱ्या दिवशी मी त्या माणसाला चोर म्हटलं.

आईला सांगितलं. मग म्हणाली, "मीही एकदा चुकीचं पोर धरलं होतं, कळवणला. ते परत शाळेत आलंच नाही." हे तुला आता आठवतं, मी आईवर ओरडले, खीर करताना नाही आठवलं? आई उठून आत गेली. तिच्यावर ओरडून काही उपयोग नव्हता, औषध मीच घेतलं होतं.

२५ एप्रिल, शुक्रवार

धनराज सरांना सगळं सांगितलं. लहानूचे आजचा धरून पाच खाडे झाले, चालतात चारच. मी म्हटलं, माझ्या चुकीने झालेत, ते धरायचे नाहीत.

"तसं तोंडी नाही होत, मॅडम. वर लेखी कारण द्यावं लागतं." मी म्हटलं, देते. मी चुकून काढलं, त्याने माझा जीव वाचवला. सरांचा चेहरा उतरला. "जीव वगैरे कशाला लिहिता? आणि स्विच मी चालू केला हे तर अजिबात नको. तुमच्याच कराराचं बघा. शिक्षकाने कुलूप न लावता बोर्डात हात घातला, असं लिहून देणाऱ्याला कोण ठेवून घेईल?"

इतका संताप मला या सव्वीस जणांचा कधी आला नव्हता. कपाटाची किल्ली दोन आठवडे शोधताय तुम्ही, मी म्हटलं. एक माणूस बाद झाला तर तुमचं काय जातं? त्याची भाकरी जाते. मी तिथेच बसून लिहिलं. माझी चूक, तारखेसह. सरांनी स्विच चालू केला, तेही. कुलूप कपाटात होतं, तेही. खाली सही केली आणि पोच घेतली. सर म्हणाले, "वर्ग शांत झाला होता हो चांगला. कशाला उकरून काढताय?"

२७ एप्रिल, रविवार

वाल्मीकच्या मोटारसायकलवर मागे बसून लहानूच्या गावाला गेले. अडीच तास. वाटेत वाल्मीक फक्त घाटात बोलला, "घट्ट धरा, मॅडम."

लहानू अंगणात दोर वळत होता. त्याची बायको चिमणाबाई आधी तांब्या घेऊन बाहेर आली, पाणी दिलं आणि मी प्यायल्यावर बोलली. "चोर म्हणलं तुमी याला. सा वरीस झाली, ह्यो मानूस झोपंत पन खिसा चाचपतो. तुमचं काय चोरलं यानं?"

मी म्हटलं, काही नाही. माझं चुकलं. लहानूभाऊ, तुमचे खाडे मी लिहून देऊन काढून टाकलेत. उद्या या. शनिवारी परीक्षा आहे. हात जोडले मी. वाल्मीकही म्हणाला, चल ना भाऊ.

लहानूचा दोर थांबला नाही. "वर्गात म्हणलात," तो म्हणाला. "इथं कशाला सांगता? हितं कुणी आयकलं नव्हतं."

येईन म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. परत येताना मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

२८ एप्रिल, सोमवार

दहाला पाच कमी. पंचवीस जण, पंचवीस मुके फोन. मी फोनचं खोकं उचललं आणि म्हटलं, घेऊन जा आपापले. कोणी उठलं नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी दारात लहानू. पिशवी खांद्यालाच. आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

मी फळ्यापुढे उभी राहिले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "शनिवारी, एकोणीस तारखेला, मी लहानूभाऊंना या वर्गात चोर म्हटलं. ते खोटं होतं. सतरा तारखेला माझे दोन्ही हात तारेत असताना बाहेरचा स्विच चालू झाला. यांच्या खिशात फ्यूज होता म्हणून मी आज इथे उभी आहे. मी तुमच्या पिशव्या उघडायला लावल्या, त्याचीही मला लाज वाटते. मी तुमची माफी मागते, लहानूभाऊ. सगळ्यांसमोर."

कोणी काही बोललं नाही. पण ती शांतता गेल्या आठवड्यातली नव्हती. पंचवीस माना वर होत्या आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे कोणीच नाही. तेव्हा मला कळलं की हा वर्ग कधीच माझ्या ताब्यात नव्हता. एकटा माणूस दारापाशी उभा राहून तो सांभाळत होता, आणि त्यालाच मी हाकलला होता.

लहानूने पिशवी खुंटीला अडकवली. बाहेर गेला, मेन स्विच बंद केल्याचा आवाज आला, पंखे थांबले. आत येऊन दाराशेजारचा फ्यूज उपटला, शर्टाच्या खिशात टाकला, वरून एकदा हात फिरवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, त्याच्या जागी.

"घाला आता हात, मॅडम," म्हणाला.

मी बोर्ड उघडला.